आमचा जॉर्जिया, अमेरिकेतला नव्हे

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. ते टेरेसवरच्या जुन्या सामानासारखे साठतात. एक दिवस काहीतरी शोधायला वर जावं, तर पाय ठेवायला जागा नाही! आमच्या तिघांचं तसंच झालंय. तिघं म्हणजे मी मंजिरी, अमरावतीची, रिटायर्ड मास्तरांची मुलगी. शबाना अकोटची, तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान. आणि विशाल भातकुलीचा, सहा फूट उंच, पोटात एक अन् ओठात तेच. आम्ही तिघांनी जॉर्जियात मेडिकल केलं. तिबिलिसी शहरात सहा वर्षं एकाच मजल्यावर राहिलो. मी आणि शबाना एका खोलीत, विशाल समोरच्या खोलीत. घरमालकीण एकच, मनाना नावाची साठीच्या पुढची बाई.

आता अकोल्यात किंवा अमरावतीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं ना?" नाही म्हटलं की दुसरा: "म्हणजे रशियाच की!" पहिल्या प्रश्नाला आम्ही हसतो. दुसऱ्याला हसत नाही. का हसत नाही, ते सांगायला बसलं की एकेक किस्सा बाहेर पडतो.

*

अॅडमिशन करून देणाऱ्या एजंटनं बाबांना सांगितलं होतं, "सर, जॉर्जिया म्हणजे रशियाच समजा." बाबा खूश! तरुणपणी नागपूरला त्यांनी रशियन भाषेचा कोर्स केलेला. लहानपणी स्वस्तात मिळणारी गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं वाचून वाढलेली ती पिढी. त्यांनी महिनाभर रोज संध्याकाळी बसवून माझ्याकडून वीस वाक्यं पाठ करून घेतली.

तिबिलिसीला पोचले. चौथा मजला, लिफ्ट बंद, दोन बॅगा. मनानानं दार उघडलं. हातात किल्ली. मी धापा टाकत, पण उच्चार अगदी बाबांनी शिकवला तसा ठेवून म्हणाले, "झ्द्रास्तवुइते!" म्हणजे रशियन नमस्कार.

बाईंनी किल्ली परत गाऊनच्या खिशात घातली.

मला वाटलं, व्याकरण चुकलं. मी पुन्हा म्हणाले. बाईंनी दार अर्धं लोटलं! मागून शबाना आली. तिला ना रशियन येत होतं ना जॉर्जियन. ती म्हणाली, "हॅलो आंटी, पानी मिलेगा?" तिला पाणी मिळालं, खुर्ची मिळाली, वर जर्दाळू मिळाले. मी दारातच.

मग मनाना मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "इथे 'गामार्जोबा' म्हणायचं. म्हणजे, तुझा विजय असो. म्हण."

म्हटलं. किल्ली मिळाली.

आठवडाभरानं शेजारणीकडून कळलं, की मनाना शाळेत वीस वर्षं शिक्षिका होती. विषय? रशियन! २००८च्या युद्धात रशियाचे रणगाडे आत आले, त्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली. आणि भाषाही!

*

द्राक्षं उतरली की मनानाचा भाऊ झाझा आम्हाला त्याच्या गावी जेवायला बोलवायचा. त्याचा द्राक्षमळा होता आणि घरची वाइन. तिकडे जेवण म्हणजे निव्वळ जेवण नाही. एक माणूस टेबलाचा प्रमुख असतो, तो उभा राहून एकामागून एक टोस्ट म्हणतो. देशासाठी, मेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी. लांबी आपल्याकडच्या सत्काराच्या भाषणाएवढी, फक्त ऐकावंसं वाटतं एवढाच फरक.

त्या दिवशी झाझा सांगत होता, की काही वर्षांपूर्वी रशियानं यांची वाइन घेणं एकदम बंद केलं. सगळा माल तिकडेच जायचा. "त्यांना वाटलं, आम्ही गुडघ्यावर येऊ. आम्ही वाइन आणखी चांगली केली आणि दुसरीकडे विकली!" सगळ्यांनी ग्लास उचलले. शबानाच्या ग्लासात डाळिंबाचा रस. विशालला वाइनची भीती वाटायची, म्हणून त्यानं कोपऱ्यातली बिअर ओतून घेतली होती. त्यानंही जोरात ग्लास उंचावला.

बाकीचे ग्लास हवेतच थांबले! झाझाची बायको खाली बघायला लागली.

"काय झालं बे?" विशालनं मला विचारलं.

मनाना हळूच म्हणाली, "आमच्याकडे बिअरनं टोस्ट फक्त शत्रूच्या नावानं करतात. त्याचं वाईट होवो म्हणून."

विशालचा चेहरा उतरला. ग्लास खाली ठेवायला गेला, तर झाझानं त्याचा हात धरला. "वर गेलेला ग्लास खाली येत नाही. शत्रूचं नाव घे."

टेबलाभोवतीच्या बाराही जणांना उत्तर माहीत होतं. सगळे उत्तरेकडे, म्हणजे रशियाकडे, तोंड करूनच बसले होते म्हणा ना! विशाल उभा राहिला, घसा खाकरला आणि इंग्रजीत म्हणाला, "आमच्या संत्र्यावर ड्यूटी वाढवणाऱ्याच्या नावानं!"

कुणाला काही कळेना. मग शबानानं समजावलं. विशालच्या आत्याचा वरुडकडे संत्र्याचा बगीचा. माल शेजारच्या देशात जायचा. तिकडच्या सरकारनं आयातीवरची ड्यूटी एवढी वाढवली, की संत्री इथेच पडून राहिली. विशालनं पुढे जोडलं, "आत्यानं सांगतलं, झाड तोडनार नाई. दुसरा गिऱ्हाईक पाहू."

झाझानं शांतपणे आपली वाइन बाजूला ठेवली. आत गेला आणि बिअरचं आख्खं खोकं घेऊन आला. शबानाचा सोडून बाकी सगळ्या ग्लासांत बिअर ओतली गेली. त्या दिवशी जॉर्जियातल्या एका गावानं वरुडच्या संत्र्यांसाठी शत्रूच्या नावानं बिअर प्यायली!

परत येताना मनाना गाडीत म्हणाली, "इतकी वर्षं आमच्या टेबलावर एकच शत्रू होता. आज दुसरा आला. जरा बरं वाटलं."

*

पाचव्या वर्षाला तिथे एका कायद्यावरून शहर पेटलं. परदेशातून पैसा घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारा कायदा. लोक त्याला सरळ 'रशियन कायदा' म्हणायचे, कारण तसलाच कायदा आधी रशियात आला होता. रोज संध्याकाळी संसदेसमोर हजारो माणसं. आम्हाला कॉलेजनं बजावलेलं: परदेशी विद्यार्थ्यांनी गर्दीत जायचं नाही, गेलात तर थेट घरी.

विशाल गर्दीत गेला नव्हता. तो कांदे-बटाटे आणायला गेला होता. परत येताना सगळे रस्ते बंद. पुढे हेल्मेट-ढालवाल्या पोलिसांची रांग, मागे घोषणा देणारी पोरं-पोरी, आणि मधोमध हा, दोन हातांत दोन पिशव्या!

आता अमरावतीत राजकमल चौकात पोलिसानं अडवलं की आपण काय म्हणतो? तेच तो म्हणाला.

"ओ मामा, जाऊ द्या ना! घर तिथीच हाय."

ढालीमागच्या पोलिसानं हेल्मेटची काच वर केली. विशीतला असेल. "मामा?"

"हो ना मामा! प्लीज मामा!"

एका बाईनं हे ऐकलं. ती गर्दीकडे वळून ओरडली, "ऐकलंत? हा परदेशी पोरगा याला बाप म्हणतोय!" मग पोलिसाकडे बोट दाखवून, "बाप लेकरांना मारतो का रे?"

झालं! मागची सगळी गर्दी सुरू. "मामा! मामा! मामा!" हजार माणसं त्या एका पोलिसाला मामा म्हणत होती. त्याचे कान लाल झाले. त्यानं ढाल तिरकी केली आणि विशालला कांद्याबटाट्यांसकट पलीकडे सोडलं.

विशाल घरी आला तो घामाघूम. "मनानाबाई, ते सारे मामा मामा काहून करून राहिले होते?"

मनाना हसून हसून खुर्चीत बसली. जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे बाप! आई म्हणजे 'देदा', आणि बाप म्हणजे 'मामा'. पाच वर्षांत याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"म्हंजे मी त्याले बाप बनवून आलो?" विशालनं डोक्याला हात लावला. "माह्यापेक्षा लहान होता ना बे तो!"

*

त्याच दिवसांत शबानाच्या अब्बांचा अकोटहून व्हिडिओ कॉल आला. आमच्या मागे फटाक्यांचे आवाज, खिडकीत लाल उजेड. तिकडची पोरं पोलिसांच्या पाण्याच्या माऱ्याला फटाक्यांनी उत्तर द्यायची.

अब्बा म्हणाले, "बेटा, किसी की बारात है क्या?"

"नहीं अब्बा, मोर्चा है."

अब्बांनी चष्मा लावून आमच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "यहाँ तो मोर्चे में फटाके नहीं होते. बस बारात में होते हैं, और बारात का कोई फायदा नहीं होता!"

शेजारून अम्मीचा आवाज आला, "अब्बा को बोल, मैं सुन रही हूँ!"

*

मनाना रोज मोर्चाला जायची. गुडघा सुजलेला. शबानानं तिला दम भरला, "तुम्ही उभं राहायचं नाही, मी सांगते." दुसऱ्या दिवशी मनाना निघाली, तेव्हा काखेत घडीची खुर्ची होती.

"डॉक्टरनं उभं राहू नको म्हटलंय," ती म्हणाली. "घरी बसायला कुणी सांगितलं नाही."

*

बाबांना मनानाशी बोलायचं होतं. मी चार वर्षं टाळलं. बाबांचं सगळं तरुणपण त्या पुस्तकांतल्या बर्फात आणि बर्चच्या झाडांत गेलेलं, आणि इकडे हिनं एका भाषेला घराबाहेर काढलेलं. कुणाला कसं सांगायचं? शेवटी मी बाबांना खरं काय ते सांगितलं. रणगाडे, शाळा, सगळं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे. पण मला दुसरी कोणती भाषा येते, जी तिला कळेल? मी एकच वाक्य बोलेन. तिनं उत्तर दिलं नाही तरी चालेल."

ठरलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईनं मागचा पडदा सरळ केला. मी फोन मनानासमोर धरला. बाबा हात जोडून रशियनमध्ये म्हणाले, "मला माझ्या मुलीचा अभिमान आहे."

मनाना ओठ मिटून बसली. तिची मान ताठ. बाबांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "गर्झूस... मायेय... दोच." 'दोच' म्हणजे मुलगी.

मनानाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी म्हटलं, आता रडणार किंवा फोन फेकणार.

"दोचेर्यू!" ती खणखणीत म्हणाली. "दोच नाही, दोचेर्यू! अभिमानानंतर तृतीया विभक्ती येते!"

हे सगळं रशियनमध्ये! इतक्या वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं पहिलं रशियन, आणि ते निघालं विभक्ती सुधारायला. बोलून गेल्यावर तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

बाबांनी आज्ञाधारक मुलासारखं म्हटलं, "दोचेर्यू."

"पुन्हा."

"दोचेर्यू."

"आता पूर्ण वाक्य."

बाबांनी पूर्ण वाक्य म्हटलं. मनाना मान डोलावून जॉर्जियनमध्ये मला म्हणाली, "सांग त्यांना, भाषा वाईट नाही. मी तिच्यावर रागावलेली नाही. पण तिला घरात घेणार नाही."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तिला म्हणावं, विभक्तीचं दुःख मला कळतं. पुण्याला बी.एड. करत होतो, तेव्हा माझ्या 'मले'वर सगळा वर्ग हसायचा. मी पस्तीस वर्षं शाळेत 'मला' शिकवलं. घरात 'मले'च ठेवलं."

*

परत आल्यावर मला आणि शबानाला इंटर्नशिप अकोल्यात मिळाली. विशाल अमरावतीला. अकोल्याच्या त्या हॉस्पिटलात एक सीनियर सर होते. माणूस वाईट नव्हता, पण बाहेरून शिकून आलेल्या सगळ्यांना एकच नाव: रशिया! कुणी चीनमधून आलेला असो की फिलिपिन्समधून. "ए रशिया, सलाइन लाव. ए रशिया, केसपेपर आण."

मी पहिल्या दिवशी ओ दिली. खोटं कशाला बोलू!

शबानानं नाही दिली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सर हाका मारताहेत आणि ही पेशंटचं बीपी बघतेय. तिसऱ्या दिवशी सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. वॉर्डात नर्स, पेशंट, नातेवाईक, सगळे बघताहेत.

"ऐकू येत नाही का तुला?"

"येते ना सर. पन तुमी कोन्या रशियाले बोलावून राहिले, ते मले मालूम नाई."

"तू तिकडूनच आलीस ना?"

"मी जॉर्जियातून आली सर. तिथं साठ-पासष्ट वर्षांची बाई सुजलेला गुडघा घेऊन रस्त्यावर खुर्ची टाकून बसते, आमाले रशिया म्हनू नका म्हनून. तिच्या घरात मी सहा वर्षं रायली. आता एका हाकेले ओ देली, तर तिले काय तोंड दाखवू?"

मी मनात म्हटलं, गेलं हिचं इंटर्नशिपचं कंप्लीशन सर्टिफिकेट!

सर म्हणाले, "मग काय म्हणू?"

"शबाना म्हना. ते लांब वाटत असन तर अकोट म्हना. ते बी खरंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला वॉर्डच्या त्या टोकाकडून आरोळी आली, "ए अकोट!"

"आली सर!" शबाना अक्षरशः पळत गेली. आता पेशंटही तिला 'अकोट म्याडम' म्हणतात. आणि मला? मला सर "ए अमरावती" म्हणतात. तीन दिवस उशिरा का होईना, मीही रशियाला ओ देणं बंद केलं.

*

आता हा एक.

निनो म्हणून आमची वर्गमैत्रीण होती, तिथलीच. शेवटच्या वर्षी ईस्टरला तिनं आम्हा तिघांना गावी नेलं. गाव त्या रेषेवर. रेषा म्हणजे युद्धानंतर देशाचा जो तुकडा तुटला, त्याची हद्द. ती जमिनीवर एका जागी राहत नाही. कधी पहाटे लोक उठतात, तर काटेरी तार काल होती त्यापेक्षा अलीकडे आलेली असते. पलीकडे गेलं की रशियन सैनिक पकडून नेतात. निनोचे काका चुकलेली गाय आणायला गेले होते. गाय त्याच दिवशी परत आली, काका बाराव्या दिवशी, सुटून.

निनोच्या आजीचं घर तारेच्या अलीकडे होतं. गावाचं कब्रस्तान पलीकडे. आजोबांची कबर तारेपासून साठ-सत्तर पावलांवर, अक्रोडाच्या झाडाखाली. इथून स्पष्ट दिसायची, जाता येत नव्हतं.

तिकडची रीत अशी, की ईस्टरला अंडी लाल रंगात उकडायची आणि आपल्या माणसाच्या कबरीवर नेऊन ठेवायची. सगळं गाव कब्रस्तानात जेवतं. तार आल्यापासून आजी दर ईस्टरला टोपली घेऊन तारेपाशी जायची, उभी राहायची आणि टोपली तशीच परत आणायची.

त्या दिवशी दुपारी आम्हीही तिच्याबरोबर गेलो. लहानखुरी बाई, काळा रुमाल, पायात रबरी बूट. ती तारेपाशी थांबली आणि निनोला काहीतरी विचारलं. निनो आमच्याकडे वळली. "आजी विचारते, तुमच्या देशात सगळे लांबून चेंडू फेकतात म्हणे. तुमच्यात चांगलं कोण फेकतं?"

आम्ही दोघींनी विशालकडे बघितलं. भातकुलीच्या टीमचा बाउंडरीवरचा फील्डर होता तो.

आजीनं टोपलीतून एक लाल अंडं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

निनो घाबरली. "आजी, नको! काकांचं काय झालं, विसरलीस का?"

आजी म्हणाली, "मी तार ओलांडतेय का? अंडं ओलांडतंय. अंड्याला पकडू दे त्यांना."

"पन आजी, फुटन ना ते," विशाल म्हणाला. निनोनं सांगितलं. आजीनं हात झटकला. "चालेल. माझ्या म्हाताऱ्यानं कधी धड अंडं खाल्लंय!"

विशालनं दोन पावलं मागे घेऊन फेकलं. अंडं कबरीच्या अलीकडेच गवतात पडलं. टेकडीवरच्या चौकीत हालचाल झाली. दुर्बिणीची काच चमकली.

आजीनं दुसरं अंडं दिलं. ते अक्रोडाच्या खोडाला लागून फुटलं. आता चौकीतून भोंग्यावर रशियन सुरू झालं. मला बाबांच्या वीस वाक्यांपलीकडचं कळत नव्हतं, पण 'सीमा' आणि 'बंदी' हे दोन शब्द कळले. शबानानं माझा हात घट्ट धरला. आमच्या परीक्षा तोंडावर, व्हिसा कॉलेजच्या शब्दावर, आणि आम्ही सीमेवर अंडी फेकत होतो!

एक सैनिक बंदूक घेऊन उतारावरून पळत खाली आला. थेट कब्रस्तानात शिरला आणि आजोबांच्या कबरीपुढे आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. "जा!" तो ओरडला. "मागे जा!"

विशालचा हात खाली आला. "निनो, जाऊ आपन. आजीले सांग, मी पुढच्या वर्षी..."

आजीनं त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. टोपलीतून तिसरं अंडं काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. मग डोळ्यांवर हात धरून तिनं त्या सैनिकाकडे नीट पाहिलं.

"तो मधे उभा आहे," ती म्हणाली. "त्याला लागायला नको. जरा डावीकडून टाक."